तुमचं पत्र, आमचं उत्तर : पिचकलेली बांगडी

ह्या महिन्यात पत्रं बरीच आली. त्यातली तीन घेतेय, तिघंही इंदूरचेच निघाले, आणि तिघांचं दुखणं फिरून फिरून एकाच गल्लीत येतं म्हणून एकत्र. पहिलं पत्र लांब आहे, उत्तर त्याहून लांब झालंय, चहा घेऊन बसा.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ५८ वर्षांची, सुदामा नगरला राहते. आमची चौदा जणींची भिशी आहे, दर महिन्याला कुठेतरी जेवायला जातो. ह्या वेळी एकीच्या नातवाचा वाढदिवस होता तर ती म्हणाली हॉटेलात नको, अंध मुलांच्या होस्टेलमध्ये जेवण देऊ. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड, आणि इंदूर म्हटल्यावर शेव आलीच. मी वाढत होते, एका दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या ताटात पुरी टाकली तर तो म्हणतो, 'आंटी, आपकी एक चूड़ी चटकी हुई है, संभाल के, हाथ में लग जाएगी.' बघितलं तर खरंच, सहा बांगड्यांतली एक पिचकलेली. मला चार दिवस पत्ता नाही आणि त्याने नुसत्या आवाजावरून ओळखलं! अंगावर काटा आला हो. घरी येऊन देवापुढे बसले आणि खूप रडले, की देवा तू डोळे दिलेस, कान दिलेस, हातपाय दिलेस, आणि मी सकाळी उठल्यापासून गुडघे दुखतात, बाई आली नाही, ह्याच्यावर कुरकुरत असते. रात्री सुनेला सगळं सांगितलं तर ती पटकन म्हणाली, 'आई, म्हणजे त्याला दिसत नाही म्हणून तुम्हाला बरं वाटलं?' फार लागलं मला ते. मला तसं म्हणायचं नव्हतं. त्यात भिशीतली एक म्हणाली की हे मागच्या जन्मीचं असतं, आपलं पुण्य होतं म्हणून आपण धडधाकट. आणि खरं सांगू का, पंधरा दिवसांत माझं ते सगळं ओसरलं पण, परत बाई आली नाही की चिडचिड सुरू. माझं काही चुकलं का? आणि ही कृतज्ञता टिकवायची कशी?

उत्तर : ताई, आधी मला एक सांगा, त्या मुलाचं नाव काय? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. श्रीखंड आहे, शेव आहे, बांगड्या किती ते आहे, सुनेचं वाक्य शब्दाला शब्द आहे, पण त्या पोराचं नाव नाही. विचारलं असेल आणि लिहायचं राहिलं असेल तर माझं बोलणं सोडून द्या. विचारलंच नसेल तर सूनबाईंना जे खुपलं ते बहुतेक इथेच आहे, त्यांनी जरा तिखट शब्दांत सांगितलं इतकंच.

पण आधी तुमच्या रडण्याबद्दल. त्यात चूक काही नाही. आपल्याकडे जे आहे ते अचानक दिसलं की माणूस हलतोच. माझंच सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये मला कोरोना झाला, बाकी फार त्रास नाही पण नाक गेलं. वास म्हणजे शून्य. जेवण म्हणजे नुसतं गरम, गार, मऊ, कडक. जिभेला तिखट-मीठ कळायचं पण वरण आहे का आमटी ते कळेना, कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग नाकाचा असतो हे मला साठीच्या घरात आल्यावर कळलं. एकदा फोडणीत हिंग जळून काळा झाला, धूर डोळ्यांत गेला तेव्हा लक्षात आलं. गॅस सुटला तर कळणार नाही ह्या भीतीने दिवसातून दहा वेळा ओट्याशी जाऊन बटणं बघायची. मग साधारण तीन आठवड्यांनी एकदा कपाट उघडलं आणि भस्सकन डांबरगोळ्यांचा वास आला. मी कपाटात डोकं घालून रडतेय, आमचे हे मागून विचारतायत काय झालं काय झालं, मी म्हणतेय डांबरगोळ्या! त्यांना वाटलं ताप डोक्यात गेला. पुढचे आठ दिवस मी घरभर हुंगत फिरले, लिंबाची साल, कोथिंबीर, इस्त्रीचे कपडे, पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याची पुडी. नवव्या दिवशी विसरले. आता जिरावण पोह्यांवर टाकते आणि मोबाईल बघत खाते, तुमच्यासारखीच.

तेव्हा ओसरलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. शरीराचा बनावच तसा आहे. आपल्या नसा बदल झाला की खबर देतात, तेच ते चालू राहिलं की गप्प बसतात. बांगडी घातल्यावर पाच मिनिटं हाताला जाणवते, मग दिवसभर नाही. आपल्या घराचा वास पाहुण्याला येतो, आपल्याला नाही. आणि डोळ्यांचं म्हणाल तर गंमतच आहे, आपल्या प्रत्येक डोळ्याच्या पडद्यावर एक जागा अशी असते जिथून नस मेंदूकडे निघते, तिथे काहीही दिसत नाही, आणि तो खड्डा मेंदू आजूबाजूचं बघून असा भरून टाकतो की आयुष्यभर आपल्याला कळत पण नाही. म्हणजे थोडंसं न दिसणं तुमच्यात-माझ्यात पण आहे. जी गोष्ट नीट चालू असताना जाणवूच नये अशीच केलेली आहे तिचे चोवीस तास आभार मानत बसलात तर दूध उतू जाईल.

आता सूनबाई. माझी एक मैत्रीण आहे, जन्मापासून दिसत नाही, बँकेत नोकरी करते, बावीस वर्षं झाली. तिला रस्त्यात माणसं थांबवतात आणि हात धरून म्हणतात देवाची आमच्यावर किती कृपा आहे हे तुम्हाला बघून कळलं. ती म्हणते, 'मी काय वजनकाटा आहे का, कोणीही यावं आणि आपलं सुख तोलून जावं?' तिची चिडचिड न दिसण्यावर नसतेच. न दिसणं तिला नवीन नाही. चिडचिड असते ती लिफ्टमध्ये सपाट काचेची बटणं लावली त्याच्यावर, ओटीपीचा मेसेज फोनने वाचून संपवायच्या आत वेळ संपतो त्याच्यावर, आणि हात धरून खेचत रस्ता पार करवणाऱ्या भल्या माणसांवर, तिला तो रस्ता पार करायचा होता का हे न विचारता. (तुम्हाला कधी वेळ आली तर विचारा आधी, हो म्हटलं तर आपलं कोपर पुढे करा, त्यांना धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. आपण त्यांना धरायचं नाही, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.) 'दिव्यांग' शब्दावर पण ती हसते, म्हणते दिव्य काही नाही गं, लिफ्टचं बटण सापडत नाही, सरळ अंध म्हण.

तिच्याबरोबर भाजी आणायला जाऊन बघा एकदा. पर्समध्ये नोटा लावलेल्या असतात, शंभरची सरळ, दोनशेची उभी घडी, पाचशेची आडवी घडी. का, तर नवीन नोटांत शंभर, दोनशे आणि पाचशे ह्यांच्या लांबीत फरक चार-चार मिलिमीटरचा, १४२, १४६, १५०. कडेला उठलेल्या रेघा असतात, शंभरला चार, पाचशेला पाच, दोनशेला चार रेघा आणि मध्ये दोन गोल, पण नोट बाजारात चार महिने फिरली की त्या रेघा बसून जातात आणि मग बोटाला उरतात ते चार मिलिमीटर. भाजीवाल्याने परत दिलेली नोट ती बोटांमध्ये धरून मोजते, एखादी शंका आली तर मोबाईलसमोर धरते, रिझर्व्ह बँकेचं मणि म्हणून अ‍ॅप आहे २०२० पासून, ते नोट बोलून दाखवतं. एवढं सगळं दहा सेकंदात होतं आणि मागचा माणूस तेवढ्यात च्यक् च्यक् करतो. मी बाजूला उभी असते आणि मला जे वाटतं ते कृतज्ञता नसते हो, मला माझ्या पर्समधल्या चोळामोळा नोटांची लाज वाटते.

तुमच्या त्या मुलाचं पण तसंच. त्याला बांगडी ऐकू आली ती देवाने डोळ्यांच्या बदल्यात कान दिले म्हणून नव्हे. कान तुमच्यासारखेच, वापर जास्त. लहानपणापासून दिसत नसलं तर मेंदूतला जो भाग बघण्यासाठी ठेवलेला असतो तो रिकामा बसत नाही, बोटांनी वाचताना तोच कामाला लागतो, हे तपासून बघितलेलं आहे. पुढच्या वेळी गेलात तर त्याला काहीतरी वाचून दाखवायला सांगा, बोट कसं पळतं ते बघा. सगळे मिळून सहा ठिपके. फ्रान्समधला लुई ब्रेल, तीन वर्षांचा असताना वडिलांच्या खोगीर शिवायच्या दुकानात आरी डोळ्यात गेली, पाच वर्षांचा होईतो दोन्ही डोळे गेले, आणि १८२४ साली पंधराव्या वर्षी ह्या पोराने ती लिपी बसवली, मोठ्यांनी नाही. आपली मराठी पण त्याच सहा ठिपक्यांत बसते, भारती ब्रेल म्हणतात तिला.

ते मागच्या जन्मीचं जे म्हणाल्या ना तुमच्या भिशीतल्या, त्यांना माझ्याकडून नमस्कार सांगा आणि ते वाक्य परत कुठे म्हणू नका म्हणावं, निदान मुलांच्या समोर तरी नाही, त्यांना ऐकू चांगलं येतं हे आता सिद्ध झालंच आहे. ह्या जन्मातली कारणं काय कमी आहेत? गरोदरपणात आईला रुबेला झाला. बाळ दिवसांच्या आधी जन्मलं आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी वेळेवर झाली नाही. चौतीस आठवड्यांच्या आधीचं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मल्यापासून तीस दिवसांच्या आत ती व्हावी लागते, आणि अजूनही घरोघरी आज्या म्हणतात एवढ्याशा जिवाला कुठे बाहेर नेता, सव्वा महिना होऊ दे. सव्वा महिना म्हणजे मोजा किती दिवस होतात. पुण्य-पापाचा हिशोब करण्यापेक्षा नात्यात कोणाकडे लवकर बाळ झालं तर हा एक फोन करा.

टिकवायची कशी विचारलंत. टिकवू नका, खर्च करा, असं मी म्हणेन. तुम्ही ५८ च्या, शुगर आहे का ते लिहिलं नाहीत. असली तर वर्षातून एकदा बाहुलीत थेंब टाकून पडदा बघून घ्यायचा, नुसता चष्म्याचा नंबर काढणं वेगळं, कारण शुगरने पडदा खराब होतो तो दुखत नाही आणि सुरुवातीला दिसण्यात पण फरक पडत नाही, जेव्हा पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. देवापुढे डोळ्यांसाठी रडलात ना, मग त्याच डोळ्यांची अपॉइंटमेंट घ्या.

दुसरं, तुमची स्कूटर. आपल्याकडे नवीन फुटपाथांवर पिवळ्या खरबरीत फरशा बसवल्यात ना, लोकांना वाटतं डिझाईन आहे किंवा पाय घसरू नये म्हणून. तो रस्ता आहे. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे सरळ चला, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे वळण आहे, पायरी आहे किंवा रस्ता आहे. जपानमध्ये सेइची मियाके नावाच्या माणसाने १९६५ मध्ये काढली ही युक्ती, १९६७ मध्ये ओकायामा गावात पहिल्यांदा बसवली, तिथून जगभर गेली. माझी मैत्रीण काठीने ती वाचत जाते. २०१७ पासून आपल्या इंदूरचा स्वच्छतेत दरवर्षी पहिला नंबर, ती म्हणते मान्य, काठीला कचरा लागत नाही, पण दर वीस पावलांवर अ‍ॅक्टिवा लागते. मी तिला हे सांगितलेलं नाही पण एक-दोनदा माझी पण तिथेच उभी होती, 'बस दोन मिनिटं' म्हणून. आता नाही करत. भिशीच्या चौदा जणींच्या चौदा स्कूटर असतील, हिशोब तुम्हीच करा.

आणि होस्टेलला जायचं तर जाच, पण जेवण हा प्रकार तिथे फार होतो. पितृपक्षात आणि बड्या लोकांच्या वाढदिवसांना एका दिवसात तीन-तीन ठिकाणची जिलबी येते, पोरं बिचारी (बघा, माझ्याही तोंडून बिचारी निघालं) प्रत्येकासाठी तेच धन्यवादाचं गाणं म्हणतात. आधी फोन करून विचारा काय हवंय. बहुतेक ब्रेलचा जाड कागद सांगतील, किंवा परीक्षेच्या दिवसांत लेखनिक. दहावीच्या अंध मुलाला उत्तरं सांगितल्यावर लिहायला माणूस लागतो, आणि तो सहसा त्याच्यापेक्षा खालच्या वर्गातला लागतो, म्हणजे तुम्ही-मी बी.ए. झालेल्या बाया चालत नाही, पण नववीतला भाचा, नातू, शेजारचा पोरगा चालतो. अंध मुलांना तासाला निदान वीस मिनिटं जादा मिळतात, त्यामुळे तीन तासांचा पेपर चार तास चालतो, पोराला पाणी आणि काहीतरी खायला देऊन पाठवा. तुम्हाला स्वतःला करायचं असेल तर आवाजात पुस्तक भरून द्या, सूनबाईंना मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून द्यायला सांगा, ह्या निमित्ताने तुमचं बोलणं पण सुरू होईल. ती मुलगी तुमच्यावर टीका करत नव्हती हो, जरा चटका बसेल असं बोलली इतकंच, माझी सून तर माझ्याशी मोबाईलमधून डोकं वर न काढता बोलते.

नेत्रदानाचं तुम्ही विचारलं नाही तरी सांगून टाकते कारण अशा वेळी सगळ्यांना तेच सुचतं. जरूर करा, पण फॉर्म भरून ड्रॉवरमध्ये ठेवला तर उपयोग नाही, घरच्यांना तोंडाने सांगा, कारण आपण गेल्यावर नेत्रपेढीला फोन त्यांना करायचाय, आणि लगेच, डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं, शुगर असली तरी चालतं. पेढीची माणसं येईपर्यंत पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. फक्त पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, तेवढाच बसवता येतो, त्यामुळे ज्याचा तो पडदा खराब आहे त्यालाच दिसायला लागतं. तुमच्या बांगडीवाल्या मुलाला त्याचा उपयोग असेल असं नाही. त्याला कागद न्या. आणि नाव विचारून मला कळवा.

प्रश्न : ताई, माझे बाबा ७९ वर्षांचे, आम्ही स्नेहलतागंजला राहतो. चाळीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलं. दहा वर्षांपासून ऐकू कमी येतं. आम्ही दोघा बहिणींनी पैसे जमवून चांगल्यातली कानाची मशीन आणली तर ती त्यांनी चार दिवस लावली आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिली. म्हणतात मला ऐकू येतं, तुम्हीच सगळे पुटपुटता. टीव्ही एवढा मोठा लावतात की खालचे लोक वर येतात. एवढी महाग वस्तू, लोकांना मिळत नाही, आणि ह्यांना किंमतच नाही. काय करावं?

उत्तर : बाबा खोटं बोलत नाहीयेत. त्यांना खरंच तुम्ही पुटपुटल्यासारखं ऐकू येतं. वयाने आणि यंत्रांच्या आवाजाने आधी बारीक, उंच स्वर जातात, जाड आवाज राहतात. म्हणजे स, श, त, फ हे गळून पडतात आणि आ, ओ ऐकू येतात, 'ताक देऊ का' मधलं ताक आहे का आत्ता आहे ते कळत नाही. आवाज येतो, शब्द येत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज त्यामुळे आधी हरवतात, तुमच्या मुलीशी ते हल्ली कमी बोलत असतील तर रागाने नाही. कानाच्या आत शंखासारख्या नळीत बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात पंधरा-सोळा हजार, आपल्या जन्माबरोबर जेवढ्या आल्या तेवढ्याच, गेल्या की नवीन येत नाहीत. चाळीस वर्षं साच्याची खडखड ऐकून त्यातल्या किती राहिल्या असतील बघा. त्या काळी कानात बोळा घालायची सुद्धा पद्धत नव्हती. आता कामाच्या जागी आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज धोक्याचा धरतात, आणि आपल्याकडे वरातीचा डीजे गेला की खिडकीच्या काचा थरथरतात, तो किती असेल ते सोडूनच द्या.

मशीन चार दिवसांत नकोशी होते हे नेहमीचं आहे. दहा वर्षं शांततेत राहिलेल्या माणसाच्या कानात एकदम भांडी, पंखा, स्वतःच्याच चपलेचा आवाज, पेपरची घडी, सगळं धाडकन येतं, आणि मेंदूला त्यातलं काय ऐकायचं आणि काय सोडायचं ह्याची सवय मोडलेली असते. ती परत लागायला आठवडे जातात, कधी महिने. म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांकडून मळ नाही ना ते बघा, मग ज्यांनी मशीन बसवून दिली त्यांच्याकडेच परत जा, ती त्यांच्या कानाच्या रिपोर्टप्रमाणे सेट करावी लागते, एकदा करून भागत नाही. मग घरी पहिल्यांदा बंद खोलीत तासभर, एकाच माणसाशी बोलताना. दिवाळीच्या दिवशी पंधरा माणसांत लावायला सांगाल तर ती पुन्हा डब्यात जाईल.

आणि एक गोष्ट तुमच्याकडे आधीच आहे. साच्यांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, तिथली माणसं तोंडाकडे आणि हाताकडे बघून काम चालवायची. बाबा अजूनही ओठ वाचत असणार, तुम्ही कधी लक्ष दिलं नसेल. तेव्हा स्वयंपाकघरातून ओरडायचं बंद करा, समोर या, उजेड तोंडावर पडेल असं बसा, टीव्ही बंद करा आणि नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोला. ओरडलं की शब्द आणखी फाटतात आणि आपला चेहरा रागावल्यासारखा होतो, त्यांना तो चेहरा तेवढा ऐकू येतो. किंमत नाही असं म्हणू नका हो. श्रीखंडाच्या डब्यात का होईना, जपून ठेवलीय ना.

प्रश्न : मी राजेंद्र नगरला राहतो, वय ४७, अकाउंट्सचं काम करतो. लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायाला कॅलिपर आणि एक कुबडी. मागच्या महिन्यात भाचीचं लग्न होतं. स्टेजला पाच पायऱ्या, कठडा नाही. दोन पोरांनी मला काखेत धरून उचललं, फोटोवाल्याने नेमका तेव्हाच क्लिक केला, तो फोटो आता अल्बममध्ये येणार. मग बुफे. एका हातात कुबडी, एका हातात प्लेट, खायचं कशाने? उभा होतो तसा, तर एक अनोळखी काका आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'तुम्हाला बघितलं की वाटतं आपलं दुःख काहीच नाही.' असं वर्षातून चार-पाच वेळा होतं. भांडायचं नाही, पण गप्प पण बसवत नाही. काय उत्तर द्यावं?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी मुद्दाम पहिल्या पत्राच्या बरोबर घेतलं. तिकडच्या ताईंनी हे वाचावं.

आधी पायऱ्या. एका पायरीची सहा इंच धरली तर पाचांची अडीच फूट उंची होते. उताराचा नियम एकास बारा, म्हणजे तीस फूट लांब रॅम्प लागेल, तो लग्नाच्या दिवशी फळी टाकून होत नाही आणि तसा कोणी टाकला तर त्याच्यावर चढू पण नका. कार्यालयवाल्याला सांगायचा हक्क मात्र तुम्हाला आहे, २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात लोकांच्या वापराची इमारत म्हणजे सरकारी तशीच खाजगी पण येते, आणि नवीन इमारतीत अशी सोय नसेल तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही असं त्यात लिहिलंय. तो कागद कोणी वाचून दाखवला की बोलणं जरा नरम होतं. पण पुढच्या लग्नापुरतं सोपं सांगते, घरचंच लग्न आहे तर भाचीला आधी सांगून ठेवा, नवरा-नवरी पाच पायऱ्या खाली येतील, धडधाकट आहेत दोघं. आशीर्वाद खाली पण लागतो. आणि तो अल्बममधला फोटो काढून टाकायला आत्ताच सांगा, छापून आला की मग कोणी बदलत नाही.

बुफेला एक खुर्ची-टेबल वेगळं ठेवायला सांगा, तुमच्या नावाने नको, 'ज्येष्ठांसाठी' म्हणून सांगा, बघा कसे पन्नाशीचे सगळे येऊन बसतात, तुम्हाला जागा पकडून ठेवावी लागेल.

राहिले काका. भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे लग्नातली लहान पोरं तुमच्या कॅलिपरकडे टकामका बघतात त्यांचं मी समजू शकते, त्यांनी हे बघितलेलंच नाही. त्यांना विचारू द्या, दाखवा कसं लॉक होतं गुडघ्याशी, पोरांना आवडतं. काका मात्र तुमच्या-माझ्या वयाचे, त्यांच्या वर्गात, गल्लीत एखादा तरी होताच. वाईट माणूस नसणार, बोलायला काही सुचलं नाही म्हणून ते बोलले. भाषण देऊ नका त्यांना, तुमचं जेवण गार होईल. हसून म्हणा, 'बरं झालं काका भेटलात, जरा ही प्लेट धरा.' धरतील. मग म्हणा, 'आणि तिकडून दोन जिलब्या पण आणा. गरम असतील तरच.'